डब्याबद्दल धाकटीचं मत

धाकटीला एका जागी बसवत नसे. चाळिशी आली तरी पायाची भिंगरी काही सुटली नव्हती. पँटचा काठ टाचायचा तर उभ्याने, चहा प्यायचा तर उभ्याने, आणि फोनवर बोलायचं तर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. लोकांचे तयार कपडे आखूड-सैल करून देणं हा तिचा धंदा. पुढच्या खोलीत एका अंगाला शिलाई मशीन, दुसऱ्या अंगाला कॉम्प्युटर आणि मध्ये चाकांची खुर्ची. इकडे वळली की शिलाई, तिकडे वळली की गेममधला गोळीबार. त्या खुर्चीत ती खरी टिकायची ती गोळीबाराच्या वेळीच.

खेळता खेळता ती बोलायची आणि ते रेकॉर्ड करून इंटरनेटवर लोकांपुढे टाकायची. ऐकणारे बरेच होते, कारण बाई मतांची पक्की होती. "शूटिंगच्या गेममध्ये गोळ्या झाडायच्या असतात, हा न खेळणाऱ्यांचा गैरसमज आहे," ती सांगायची. "निम्म्याहून जास्त वेळ भिंतीला पाठ लावून दुसऱ्याची पावलं ऐकायची असतात. ज्याला वाट बघता येत नाही तो आधी मरतो." किंवा, "दोन गोळ्या झाडल्या की लगेच बंदुकीचं मॅगझिन बदलणारा माणूस घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा असतो, लिहून ठेवा. आणि मरतो तो नेमका मॅगझिन बदलतानाच." गेममुळे माणूस हिंसक होतो का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "मला हिंसक व्हावंसं वाटतं ते माप न देता कपडा टाकून जाणाऱ्या गिऱ्हाइकामुळे. गेममुळे मी शांत होते, म्हणून ती गिऱ्हाइकं अजून जिवंत आहेत."

व्हीआरबद्दल मात्र ती विनोद करत नसे. व्हीआर म्हणजे तो डोळ्यांवर चढवायचा हेडसेट. ती त्याला डबा म्हणायची. "पडद्यावर खेळताना माझा एक डोळा गेममध्ये असतो, एक गॅसवर, आणि एक कान बाबांकडे. डबा चढवला की दोन्ही डोळे गेले, हेडफोन लावले की कानही गेले. ज्याच्या घरात दुसरं कोणी जागं असेल त्याने खुशाल घालावा. एकट्या माणसाने घालू नये. पुन्हा हा विषय नको."

बाबांमुळेच हे मत झालं होतं. बाबा उभं आयुष्य लोकांचं घरसामान हलवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. अरुंद जिन्यांतून काचेची कपाटं उतरवली, कुठे ओरखडा नाही. आता दोन वर्षं झाली, त्यांची आठवण गेली होती. धाकटीला कधी तिच्या आईच्या नावाने हाक मारायचे, कधी 'ताई, तुमचं सामान किती?' असं विचारायचे. आणि दार उघडं दिसलं की निघालेच. "गाडी खाली लागली असेल," म्हणायचे. म्हणून दाराला त्यांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर कडी बसवून घेतली होती. धाकटी स्वतः ती स्टुलावर चढून लावायची.

मोठा भाऊ, दादा, लिफ्ट दुरुस्त करायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. बाबांना वृद्धाश्रमात ठेवावं असं त्याने डोक्यात घेतलं होतं. जागाही बघून ठेवली होती. "एकटीने नाही व्हायचं तुझ्याने," तो फोनवर म्हणायचा. "दिवसभर तुझा तो धडाधड गोळीबार. कधीतरी काहीतरी होऊन बसेल."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस," धाकटी फेऱ्या मारता मारता म्हणायची. "बाबा या घरातून कुठेही जाणार नाहीत."

शेवटी ठरलं, की रविवारी दुपारी दादाने यायचं, बाबांना बघायचं, घर बघायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा.

नेमका त्याच आठवड्यात डबा आला. एका नव्या गेमच्या माणसांनी पाठवला होता. सोबत निरोप होता: 'व्हीआरला सगळ्यात जास्त शिव्या तुम्ही दिल्यात, म्हणून तुमचंच मत हवंय. रविवार रात्रीपर्यंत कळवा.' धाकटीने खोकं कपाटावर टाकलं आणि स्वतःला बजावलं, की विषय संपलेला आहे. पण विषय कुठला संपतोय! येता-जाता नजर कपाटावर. काठ टाचताना दोनदा सुई बोटात गेली. आपण न घालता जे बोललो ते खरं की खोटं, हा किडा डोक्यात शिरला तो निघेना.

रविवारी सकाळी घर लखलखीत झालं होतं. बाबांची अंघोळ, दाढी, धुतलेला सदरा, सगळं झालं. दादा यायला अवकाश होता आणि करायला काही उरलं नव्हतं. धाकटीसारख्या बाईला याहून वाईट वेळ नाही. खिडकीपाशी गेली, परत आली. गॅस बंद आहे ना बघितलं, पुन्हा बघितलं. मग बाबांना टेबलाशी बसवून बटणांचा डबा त्यांच्यापुढे ओतला. रंगारंगांची बटणं वेगळी करायला दिली की ते तासभर गुंतून राहत. दाराची कडी वर होती. मशीन, खुर्ची भिंतीला सरकवली, स्टूल कोपऱ्यात ठेवलं आणि मनाशी म्हणाली, एकदा. मत द्यायचं तर बघून द्यावं.

हेडसेट चढवला, त्याच्यासोबतच्या दोन मुठी हातांत घेतल्या, हेडफोन लावले, रेकॉर्डिंग सुरू केलं. भिंत जवळ आली की डोळ्यांपुढे जाळी दाखवून सावध करायची सोय त्यात होती. ती धाकटीने पहिल्याच मिनिटाला बंद केली. "जाळी दिसली की मजा जाते," असं वर मतही दिलं.

आणि मग ती एका बंद पडलेल्या कारखान्यात उभी होती. छत इतकं उंच, की तिने मान वर केली आणि तिला गरगरलं. बंदूक खरोखर हातात धरावी लागत होती, मॅगझिन कमरेचं काढून खालून ठोकावं लागत होतं. कोपऱ्याआड बघायचं तर अंग वाकवावं लागत होतं. तिचे जन्मभराचे अस्वस्थ पाय इथे उपयोगाचे निघाले. ती वाकली, सरकली, वळली, धावली. तिला कोणी हाक मारत नव्हतं. काही उतू जाणार नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती अशा ठिकाणी होती, जिथे तिच्यावाचून कोणाचंही अडत नव्हतं, आणि तिला ते इतकं आवडलं की तिची तिलाच लाज वाटली.

तोंड अर्थातच चालू होतं. "नेम धरायला वेळ लागतो, पण लागलेली गोळी तुमची असते... पावलांचा आवाज पाठीमागून येतो तो खरंच पाठीमागून... अरे, हा कुठून आला!" एक करड्या गणवेशातला माणूस अगदी अंगावर आला. गोळ्या संपल्या होत्या. तिने हात मागे घेऊन बंदुकीचा दस्ता जोरात फिरवला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. "वा! मानलं बुवा. हा धक्का अगदी खरा आहे. असा धक्का मी कुठल्याच गेममध्ये अनुभवला नाही."

डबा काढला तेव्हा खोली तिला काडेपेटीएवढी वाटली. जमीन हलत होती. बाबा टेबलाशी नव्हते. ते दोन पावलांवर उभे होते. खालचा ओठ फुटला होता आणि धुतलेल्या सदऱ्यावर रक्त होतं.

"बाबा! काय केलंत हे? पडलात कुठे?"

बाबा नुसते हसले. फार दिवसांनी हसले.

तिला आधी रागच आला. आजच! दादा यायच्या दिवशीच! ओठ धुतला, बर्फ लावला, सदरा बदलला. काय झालं ते बाबांकडून कळणार नव्हतं. त्यांना जेवण भरवलं, निजवलं, आणि हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून ती रेकॉर्डिंग कापायला बसली. बोलण्यातली अडखळ काढायची, खोकला काढायचा, नेहमीचंच काम.

पडद्यावर कारखाना दिसत होता. तिचा आवाज येत होता. आणि त्या आवाजामागे दुसरा एक आवाज होता. हेडफोनमुळे तिला तेव्हा ऐकू आला नव्हता. माइकने मात्र सगळा टिपला होता.

"हळू... हळू. डावीकडे भिंत आहे. हां, शाब्बास. थांब, स्टूल उचलतो. आता ये. पाऊल टाक, घाबरू नकोस, मी धरतोय. कोपरा सांभाळ. अस्सं!"

धाकटीने आवाज वाढवला. लाकूड सरकल्याचा आवाज. बटणं खाली सांडल्याचा आवाज. बाबा तिच्याभोवती फिरत होते. डोळे झाकून दोन्ही हात पुढे करून चाचपडणारी आपली पोर त्यांना दिसली होती, आणि त्यांनी तिला पाऊल टाकायला शिकवायला घेतलं होतं. ती जाईल तिकडचं सामान बाजूला करत होते. तिचं नाव त्यांना आठवत नव्हतं. हे आठवत होतं.

मग धप्प असा एक आवाज, आणि बाबांचं दबलेलं "आई गं". त्यावर तिचाच खणखणीत आवाज: "वा! मानलं बुवा. हा धक्का अगदी खरा आहे."

आणि त्यानंतर बाबा, जरा बोबडे, ओठ सुजलेले: "काही नाही, काही नाही. लागतं एखाद्या वेळी. तू चाल."

धाकटीने ते बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा बंद केलं. उठली, न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली. कोणी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दादा आला तो हातात रिकामी मोठी पिशवी घेऊनच. बाबा उठून बसले होते. दादाची नजर सरळ ओठावर गेली.

"हे काय झालं?"

"न्हाणीत पाय घसरला," धाकटी म्हणाली. ठरवून बोलली नाही. जीभ आपली आपण वळली.

आता हा तोंड सोडणार, म्हणून तिने अंग चोरलं. पण दादा खुर्चीत बसला आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिला. "परवा ती जागा पुन्हा बघून आलो," तो म्हणाला. "सगळे म्हातारे भिंतीशी ओळीने बसवलेले. कोणी कोणाशी बोलत नाही. मला नाही बरं वाटलं. पिशवी आणली खरी, पण मन होईना. राहू देत इथेच. माझ्या घरी असते तर ते दहादा पडले असते. तू करतेस ते मला नसतं जमलं गं."

म्हणजे ती जिंकली होती. गप्प बसायचं, चहा टाकायचा, संपलं. ती चहा टाकायला निघालीही. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, परत आली, खिडकीपाशी गेली, परत आली. दादाची ती कौतुकाची नजर तिला सोसेना.

"पडले नाहीत," ती म्हणाली. "मी मारलं."

"काय?"

तिने सांगितलं नाही, रेकॉर्डिंग ऐकवलं. दादा उभ्याने ऐकत होता. पहिल्यांदा त्याला काही उमगलं नाही. मग बाबांचा आवाज ओळखीचा वाटला आणि त्याचा चेहरा सैल पडला. मग तो धप्प आवाज आला आणि त्याचे जबडे आवळले.

"आणि वर वा म्हणतेस?"

"हो."

"खोटंही बोललीस."

"हो. बोलले."

दादा तडक वळला. आतल्या खोलीत जाऊन त्याने बाबांचे सदरे, औषधं, स्वेटर पिशवीत भरले. "आश्रमात नाही, माझ्याकडे नेतोय," एवढंच म्हणाला. धाकटीने अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार? तिने स्वतः बाबांच्या पायात चपला सरकवल्या. दादा बाबांपेक्षा उंच, त्याने टाचा उचलून कडी काढली आणि दार सताड उघडलं.

या दारासाठी बाबा रोज धडपडायचे. आज उंबरठ्यापाशी आले आणि थांबले.

"चला बाबा, गाडी खाली लागलीय," दादा म्हणाला.

"आणि ही?" बाबांनी मागे बघितलं. "हिला कोण धरणार? नुकती पावलं टाकायला लागलीय. एकटी सोडली तर पडेल ती."

धाकटी खोलीच्या मधोमध उभी होती. पाय जागचे हलत नव्हते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचत नव्हतं. बाबा वळले, थोडे वाकले आणि त्यांनी दोन्ही हात तिच्याकडे पसरले.

"ये," ते म्हणाले. "ये, मी आहे."

चाळीस वर्षांची बाई एकेक पाऊल टाकत त्यांच्याकडे गेली. दादा पिशवी धरून तसाच उभा होता. मग त्याने ती खाली ठेवली, दार लावलं, कडी घातली.

"आज मी राहतो इथे," तो म्हणाला. "उद्याचं उद्या बघू."