कापसानंतर दिपमाला

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. खानदेशचं पांढरं सोनं माझ्या पाठीवरून गेल्याशिवाय जगात गेलेलं नाही. म्हणजे निर्मलकुमार शेठजींच्या पारोळ्यातल्या दुकानातून गेलेलं नाही. आणि तेही ट्रक वेळेवर आला तर.

बारा वर्षं मी कापसाची गाठोडी तोलली. कुणी कुणी कापसावर पाणी मारून आणत. ते पाणीही मी इमानाने तोललं. आत काय आहे ते मला कळत नाही, कुतूहल मात्र भारी. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि शेठजींनी मला मैदानाला भेट दिलं. माझ्यावर नाव रंगवलं, ते त्यांचं.

मैदानावर शालिग्राम सर मुलींना लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी तयार करत. दर सोमवारी सहा मुली माझ्यावर चढायच्या. इथे सगळंच उलटं. दुकानात आकडा वाढला की माणसं खूश. इथे घटला की टाळ्या. म्हणून मुली रविवार दुपारपासून पाणी पीत नसत. न प्यायलेलं पाणीही मी इमानाने तोललं.

सर्वांत जास्त टाळ्या दिपमालाला. वय सोळा, शर्यत तीन हजार मीटर, डोळा राज्य संघाच्या निवडीवर. सत्तेचाळीसची ती बेचाळीस किलोंवर आली. पण जूनपासून ती माझ्यावर उजवा पाय जपून ठेवू लागली. मला नवल वाटे: वजन घटतंय, मग पायाला भार कसला होतोय?

उत्तर तिच्या आईने, बेबाबाईने आणलं. एका सोमवारी ती एकटीच आली.

"सर, पोरनी नडगीले चीर पडेल शे. डॉक्टरीण म्हनस, खानं कमी आनि पयनं-धावनं जास्त. पाळी सात महिना बंद शे. हाडेसमा भर पडाना वयमा हाडं झिजी ऱ्हायनात."

"अक्का, पाळी थांबणं ही सराव चांगला चालल्याची खूण असते."

"कोन म्हनस?"

"आमचे सर म्हणायचे."

"त्यासले येत व्हती का?"

पलीकडे व्यायाम करणाऱ्या मुली एकदम बुटांच्या नाड्या बांधू लागल्या.

"पण मी हे मुलींना विचारू कसं?" सर म्हणाले.

"वजन इचारतस तसंच इचारा."

दिपमाला तीन महिने धावली नाही. निवड हुकली. घरी बेबाबाई समोर बसून तिला जेवू घाले. ऑक्टोबरात पाळी आली, तेव्हा ही बातमी बेबाबाईने मैदानावर येऊन सांगितली; कुणी विचारलं नव्हतं. आता सर सोमवारी आधी तीन गोष्टी विचारतात: जेवलीस का, कुठे दुखतंय का, पाळी आली का. तिसरी जमिनीकडे बघून. मग सवयीने वजन करतातच.

मित्रांनो, मला तेल द्या, गंजू देऊ नका. पण मुलीची तब्येत मुलीलाच विचारा.

डिसेंबरात दिपमाला धुळ्याच्या स्पर्धेत उतरली. सरांनी मलाही टेम्पोत घातलं. एवढे पंच, एवढा मांडव; नेमका कोणता आकडा चालतो ते एकदाचं कळेल म्हणून मी दिवसभर वाट पाहिली. दिपमाला चौथी आली. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

धावण्याच्या शर्यतीत वजन करत नाहीत.