मॉटची शिट्टी

त्या शनिवारी इद्वलच्या पायाला भिंगरी लागली होती. गाडीपासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून चहाच्या तंबूपर्यंत, तिथून परत गाडीपाशी. त्याची कुत्री फ्लॉस मात्र ओल्या गवतात पोट टेकून वरच्या टोकाच्या मेंढ्यांकडे बघत पडली होती. अडीच वर्षांची पोर, पण दोघांत थोराड तीच वाटत होती.

"बस की जरा," मी म्हटलं. "तुझ्याकडे बघूनच मला धाप लागते."

"बसलोच आहे, नेस्टा," तो उभ्या उभ्या म्हणाला.

अकरा वर्षं झाली, आमच्या खोऱ्यातल्या, मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेत मी पंचांच्या गाडीत बसून ते सांगतील ते आकडे लिहिते. हिशेब उलटा असतो. प्रत्येकाच्या नावावर आधीच शंभर गुण, मग कापत जायचं. कुत्रं वाकडं धावलं, दोन गेले. मेंढ्या रेषेबाहेर गेल्या, तीन. चावलं, तर खेळच संपला. माणसांनाही हाच हिशेब लावावा असं मला पुष्कळदा वाटतं, पण मग खोऱ्यात पन्नासच्या वर कुणी उरायचं नाही. मी धरून.

इद्वलला गुणांशी काही घेणंदेणं नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात सगळ्यांचे कळप सामायिक डोंगरावरून खाली उतरवताना फ्लॉसने हेविनच्या मेंढीचा कान फाडला होता. डोंगर सगळ्यांचा, पण कोणता माणूस, कोणतं कुत्रं, कोणत्या धारेवर, हे हेविन ठरवतो. त्याच्या आधी त्याचा बाप ठरवायचा. हेविनने सगळ्यांदेखत सांगितलं, "चावरं कुत्रं डोंगरावर नको." चाळीस वर्षं वरची धार सांभाळलेला इद्वल त्या दिवशी खालच्या फाटकाशी उभा राहून मेंढ्या मोजत होता.

येत्या गुरुवारी पुन्हा डोंगर उतरवायचा होता. हेविनने एकच सवलत दिली होती. "स्पर्धेत उतरव तिला. चार लोकांसमोर नीट वागली, तर गुरुवारी घेऊन ये. नाहीतर खाली सपाटीवर एखाद्याच्या गोठ्यात देऊन टाक. तिथे गाई आहेत, चावू दे हवं तेवढं."

आणि स्पर्धेला लागणाऱ्या मेंढ्या कुणाच्या? हेविनच्या. वरच्या टोकाला उभा राहून चार-चार सोडणार कोण? हेविनच.

इद्वलचं नाव पुकारलं गेलं. तो मालकाने उभं राहायच्या खुंटापाशी जाऊन उभा राहिला, टोपी सारखी केली, पुन्हा सारखी केली. फ्लॉस सुटली ती उजवीकडून, भल्यामोठ्या वळणाने, पायाखालचं गवतसुद्धा न दुखवता.

"छान," पंच पॅरी म्हणाले. पंच मुद्दाम लांबचे बोलावतात. हे इंग्लंडच्या हद्दीला चिकटून राहणारे. त्यांच्या वेल्श भाषेला आमच्याकडे पातळ चहा म्हणतात, पण नजर दाट होती. "एक कापा."

मेंढ्या निघाल्या तेव्हा मला एकीचा कान दिसला. फाटलेला. खोऱ्यात शेकडो मेंढ्या, आणि इद्वलच्या वाट्याला नेमकी हीच. मी वर हेविनकडे पाहिलं. तो आभाळ बघत होता.

त्या कानफाटीने कुत्री ओळखली की काय, देव जाणे. मैदानाच्या मध्यावर ती चौघींतून फुटली आणि आडवी पळाली. इद्वल एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मग शिट्टी आली. एकच, लांब, शेवटी उतरत गेलेली.

फ्लॉसने क्षणभर मान वळवून मागे पाहिलं आणि पळतच राहिली.

"थांब म्हटलं, थांबली नाही," पंच म्हणाले. "चार."

मी चार लिहिले. हाताने आधी लिहिले, मग कानाने तक्रार केली. माझं घर इद्वलच्या समोर, ओढ्याच्या अलीकडे. कपडे वाळत घालता घालता त्याच्या शिट्ट्या मला पाठ झाल्यात. एका माळावर दोन कुत्री राबवायची तर दोघांच्या शिट्ट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर एकाला बस म्हणावं तर दोघंही बसतात. फ्लॉसला थांबवायला तो दोन आखूड शिट्ट्या द्यायचा. ही लांब, उतरती शिट्टी मॉटची होती. त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याची.

आणि मॉटला गेल्या सप्टेंबरात त्याने सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं होतं.

ऑक्टोबरात डोंगर उतरवला, तेव्हा मॉटला जाऊन नऊ दिवस झाले होते. मी बोटांवर मोजलं. त्या दिवशीही लांबच शिट्टी ऐकली होती मी, फ्लॉस मेंढीवर जाण्याच्या अगदी आधी. डोंगरावर ती इतकी ओळखीची होती की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पोरीला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

पण पंचांच्या गाडीत लिहिणाऱ्याने हात चालवायचा, तोंड नाही. मी पाय गाडीच्या तळाशी असा दाबून धरला, जणू तिथे ब्रेक होता.

"काही होतंय का तुम्हाला?" पंचांनी विचारलं.

"गोळा आलाय पायात," मी म्हटलं.

फ्लॉसने कानफाटीला वळवून चौघी पुन्हा एकत्र आणल्या होत्या, आणि इद्वल आता लाकडी कोंडवाड्याशी पोचला होता. फाटकाची दोरी हातात. दोरी सोडली की कोंडण्याचे गुण गेले. तिघी फाटकाशी आल्या. कानफाटी मात्र वळली, फ्लॉसकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने पुढचा पाय आपटला. फ्लॉस सरकत पुढे. इद्वलने शिट्टी दिली. लांब.

फ्लॉस अजून पुढे.

पुन्हा लांब. फ्लॉसचं नाक आणि मेंढीचं नाक यांत हातभर अंतर. पंचांनी आपल्या शिट्टीकडे हात नेला. कुत्रीने दात लावले की ते वाजवून माणसाला बाहेर बोलावतात.

इद्वलने तिसऱ्यांदा श्वास घेतला आणि तसाच धरला. मग तोंडातली शिट्टी काढून तिच्याकडे बघितलं, दुसऱ्याच्या खिशातून निघाल्यासारखं. ती गवतात टाकली. ओठांनीच, जेमतेम ऐकू येतील अशा, दोन आखूड शिट्ट्या दिल्या.

फ्लॉस धपकन खाली बसली.

मेंढीने दोन वेळा पाय आपटला. समोर कुणी भांडायलाच नाही म्हटल्यावर ती कंटाळली, वळली आणि आत शिरली. तिच्यामागे दोघी. चौथी अर्ध्यात असताना वेळ संपल्याची घंटा झाली. फाटक उघडंच होतं.

"कोंडण्याचे सगळे दहा गेले," पंच म्हणाले. "एकूण?"

"छप्पन्न."

"कुत्री वाईट नाही. ऐकत नाही, एवढंच."

माझी पेन्सिल मोडली.

पुढच्या स्पर्धकाला वेळ होता. मी उतरून चहाच्या तंबूत गेले तर हेविन वरून चालत आलेला होता आणि इद्वलसमोर उभा होता. तंबूतल्या बायांनी तव्यावरचे केक उलटायचे सोडून दिले.

"तू शिट्टी कुणाला देत होतास?" हेविनने विचारलं.

इद्वलने चहात बघितलं. "मॉटला."

"मॉट मेला ना?"

"मेला."

"मग त्याला सांग तसं."

कुणी हसलं नाही. इद्वल म्हणाला, "ऑक्टोबरातही तीच दिली असणार मी. चूक माझी होती, हेविन. हिला चारचौघांत चावरी म्हणू दिलं मी." मग त्याने मान वर केली. "पण ती कानफाटी आज बरी माझ्याच वाट्याला आली?"

"नशीब एकेकाचं."

"हो ना," मी म्हटलं. "नशिबाने कालच वेगळी काढून बांधून ठेवली असेल तिला."

हेविनच्या मानेवर लाली चढली. त्याने दोन केक उचलले, एक तोंडात टाकला आणि दुसरा खाली फ्लॉसला धरला. तिने तो सावकाश घेतला, त्याच्या बोटाला दात न लावता. त्याने बोटाकडे उगाचच निरखून पाहिलं.

"गुरुवारी. सहाला. वरच्या धारेवर," तो म्हणाला.

"कुत्रीला आणू?"

"मग काय स्वतः भुंकणार आहेस?"

रविवारपासून आमच्या खोऱ्यात कुणाला चैन नव्हतं. ओढ्यापलीकडून उजाडल्यापासून सुरू. दोन आखूड. दोन आखूड. माझं मांजर पलंगाखालून निघेना. बुधवारी मी चादरी वाळत घालत होते तेव्हा मध्येच एकदा ती लांब, उतरती शिट्टी आली. मी दोरीला धरून थांबले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग पुन्हा दोन आखूड.