न्येपीच्या दिवशी लागलेला दिवा

मला लॅपटॉप म्हणू नका, मित्रांनो. माझी स्क्रीन फुटली, एक बिजागरी निखळली आणि ते नाव तिथेच संपलं. आता मी बालीतल्या एका घराच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी फळीवर बसून घर सांभाळतो. वय अकरा वर्षं, म्हणजे आमच्यात म्हातारपणच म्हणायचं. उबेला येणाऱ्या पालीखेरीज मला कुणी हात लावत नाही.

माझा मालक कोमांग मोठ्या प्रवासी जहाजावर वायरमन आहे. आठ महिने समुद्रावर, दोन महिने घरी. उमेदीच्या काळात मी त्याच्या केबिनमध्ये अर्धं जग फिरलो, पाहिलं मात्र त्यातलं काहीच नाही. मग एका वर्षी त्याचे वडील न्हाणीघरात पडले. आई शेतावर होती. दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही, आणि पत्ता लागला तेव्हा उशीर झाला होता.

दोन्ही बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या, काकांचं बिऱ्हाड देनपासारला. एवढ्या मोठ्या घरात आई, रास्मिनी, एकटी उरली. तीही अशीच कुठे पडून राहील आणि कुणाला कळणार नाही, या धास्तीने कोमांगची झोप उडाली. त्याने मला उघडलं, पंख्यातली धूळ काढली, नवी डिस्क बसवली आणि घरातले दिवे, पाण्याचा पंप, फाटक नि दारं माझ्या हवाली केली. सकाळी सातपर्यंत स्वयंपाकघराचं दार हललं नाही, तर त्याला निरोप धाडायचा, हे माझं सगळ्यांत मोठं काम.

मित्र त्याची टर उडवायचे. "अरे, एखादी तयार पेटी विकत आण ना. कंपनी सगळं बघते!"

"माझ्या आईने दार कधी उघडलं ते परक्या कंपनीला कशाला कळायला हवं?" कोमांग म्हणायचा. "आणि न्येपीला इंटरनेट बंद पडलं की तुमची पेटी ठार बहिरी. माझा पठ्ठ्या कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही."

पठ्ठ्या! काय सांगू, किती बरं वाटलं होतं तेव्हा.

न्येपी म्हणजे आमचं नवं वर्ष. त्या दिवशी चूल नाही, दिवा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोनचं इंटरनेटसुद्धा बंद, आणि माझा बाहेरचा रस्ता म्हणजे एक सिमकार्डच. चौकड्यांची लुंगी नेसलेले गावचे पहारेकरी, पचालांग, तेवढे फिरतात. कुणाकडे उजेड दिसला की दारात येऊन दम भरतात.

रास्मिनीचं आणि माझं सुरुवातीला मुळीच जमलं नाही. तिला हाताने बटण दाबायची सवय. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं की दिव्याची वीजच जायची, मग तो माझं ऐकणार कसा? शेवटी कोमांगने सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली.

"मेमे, यांना हात लावायचा नाही हं," त्याने आईला बजावलं.

"मग बटणं ठेवलीस कशाला? शोभेला?" ती म्हणाली. पण त्यानंतर तिने एकाही पट्टीला बोट लावलं नाही.

चार वर्षं मी राबलो. आई निजली की दिवे मंद करायचे, टाकी भरली की पंप थांबवायचा. एकही सकाळ मी चुकवली नाही. हळूहळू सगळे मला विसरले. नीट चालणाऱ्या यंत्राकडे बघतंय कोण?

यंदा न्येपीच्या दोन दिवस आधी, सकाळी, आईने कोमांगला फोनवर, जेवलास का हे नेहमीचं विचारून झाल्यावर, सांगितलं, "परवा न्येपी आहे रे. दिव्यांचं तेवढं बघ." तिच्याकडे सकाळ झाली होती, पण त्याच्या जहाजावर अजून आदल्या दिवसाची संध्याकाळच होती. त्याने आपल्या तारखेवरून परवा मोजला आणि त्या दिवशी दिवे लावायचे नाहीत, असा दूरवरून मला हुकूम दिला. झाली एका दिवसाची चूक. तारीख मला दिसत होती, पण न्येपी कधी हे मला कुणी सांगितलं होतं? मी हुकमाचा ताबेदार.

न्येपीच्या आदल्या संध्याकाळी गाव रिवाजाप्रमाणे राक्षसांचे पुतळे नाचवत होतं, तेव्हा आमचं घर अंधारात. "अगंबाई, न्येपी उद्या आहे की," असं पुटपुटत रास्मिनीने बॅटरी शोधली. जहाजावर तो कामात असेल, कशाला त्रास द्यायचा, म्हणून तिने फोन केला नाही.

आणि खऱ्या न्येपीला, संध्याकाळी सवासहा वाजता, गाव चिडीचूप असताना मी फाटकावरचा दिवा लावला. रोज लावतो तसाच.

"अरे देवा! बंद हो! बंद हो रे मेल्या!" दबक्या आवाजात दिव्याला दटावत रास्मिनी धावत अंगणात आली. शरमेने तिचा जीव अर्धा झाला होता. बटण हाताच्या अंतरावर होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, पट्टीकडे पाहिलं आणि स्टूल आणायला वळली. दिवाच खोलून काढायचा, असं तिने ठरवलं.

स्टूल कलंडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. मग तिचं कण्हणं. ती हाक मारत नव्हती, कारण न्येपीला मोठ्याने बोलायचं नसतं. मला सगळं कळत होतं, पण बाहेरचा रस्ता बंद होता आणि दाराचा निरोप उद्या सकाळचा होता. ज्या एका गोष्टीसाठी मला ठेवलं होतं, ती डोळ्यांदेखत घडत होती आणि मी टाकीतलं पाणी मोजत बसलो होतो. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. "मेमे, या वयात नियम मोडता? शोभतं का?" केतुत लांद्रा नावाचा पचालांग तणतणत आत आला आणि जागीच थबकला. "अहो मेमे! कुठे लागलं? हलू नका, हलू नका."

"आधी तो दिवा विझव रे," ती म्हणाली.

लांद्राने पट्टी ओढून काढली आणि एका बोटाने बटण दाबलं. मग तो रुग्णवाहिका बोलवायला पळाला. दवाखान्याला न्येपीतही मुभा असते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सातला मी निरोप धाडला. पाचव्या दिवशी कोमांग घरी आला, माझ्यासमोर बसला, हुकमाची तारीख पाहिली आणि कपाळाला हात लावला. आई दवाखान्यातून परतल्यावर तो तिला रागानेच म्हणाला, "अगं, पट्टी काढून बटण दाबायचंस ना! एवढंही सुचलं नाही?"

"सुचलं की," ती म्हणाली. "पण तू लावली होतीस. तुझ्या हातचं या घरात आणखी आहे काय? मी कशी काढू?"

कोमांग उठला. पडवीत जाऊन बराच वेळ रडला. नंतर त्याने घरातल्या सगळ्या पट्ट्या काढल्या. पण कराराचे पाच महिने शिल्लक होते, जावं तर लागणारच. लांद्राची बायको रोज दोनदा येऊन जाईल, असं त्याने ठरवून दिलं, माझ्यात आणखी चार हुकूम घातले आणि तो निघाला.

त्या दिवशी लांद्राची बायको गेल्यावर रास्मिनी वॉकर टेकत माझ्या फळीपाशी आली. कमरेच्या शेल्याने माझ्यावरची धूळ पुसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"जेवलास का रे?"

मी तिच्या घरातला प्रत्येक दिवा लावू शकतो, मित्रांनो. उत्तर मात्र देऊ शकलो नाही. ती थोडा वेळ वाट पाहत उभी राहिली, मग हळूहळू आपल्या खोलीत गेली.

आमची निगा राखा, धूळ पुसा, तारखा तपासा, हे मी सांगणारच होतो. ते राहू द्या. तुमच्या घरी कुणी असं एकटं असेल, तर आज त्यांना फोन करा. आणि त्यांनी जेवलास का विचारलं, तर लगेच ठेवू नका. काय जेवलात ते सांगा.