बुजवलेल्या विहिरीवरचा वाफा

शहाऐंशी साली, दिवाळी झाल्यावर, प्रेमलता सौंसरला भाड्याच्या घरात राहायला आली. नवरा गुणवंता सरकारी रोपवाटिकेत नोकरीला होता. तिथून त्यानं सलादच्या पालेभाजीचं बी आणलं. घरामागच्या सांदवाडीत सगळा मुरूमच होता. एका कोपऱ्यात तेवढी काळी, भुसभुशीत, गोल जागा होती. प्रेमलतानं तिथंच वाफा केला. मधे सलाद, कडेनं मुळा आणि कांद्याची पात.

बी असं उगवलं की रोपवाटिकेतल्या माणसालाही नवल वाटावं. पानं कोवळी, तळहातापेक्षा मोठी. पण प्रेमलताला त्या वाफ्याजवळ बरं वाटेना. कितीही पाणी घाला, चिखल होत नसे. घोट घ्यावा तसा आवाज करत माती पाणी पिऊन टाकी. एका दुपारी मुळा उपटताना खालून कोणी धरून ठेवल्यासारखं वाटलं. तिनं जोर लावला, तर मुळा हलकेच मागं गेला. ती तशीच घरात आली आणि दाराला कडी लावून बसली.

"खाली दगड असन," गुणवंता जेवताना म्हणाला.

"दगड धरते, ओढत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या कलाबाईकडं सलादची पानं नेली. कलाबाईनं हात पुढं केला नाही.

"त्या जागेतलं आमी नाही खात, बाई. तिथं विहीर होती. घरमालक भगवंतराव, त्याची सून चंद्रकला त्या विहिरीत गेली. पाय घसरला म्हणते घरचे. काय खरं, कोण सांगन? मंग त्यानं विहीर बुजवली अन् बोरगावले वावरात राहाले गेला."

त्या दिवसापासून प्रेमलता पानं तोडेना. पाणी मात्र तिला बंद करवेना. गुणवंता कामावर गेला की घरात बोलायला कोणी नसे. दुपार चढली की बादली घेऊन निघायची. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "आणून राहिली नं बाई, थांब जराशी." स्वतःचाच आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

पुढच्या शनिवारी कुंपणाबाहेर एक म्हातारी उभी दिसली. कपाळाला जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर, नजर वाफ्यावर.

"मी पंचफुला. मोहगावची. चंद्रकलेची माय."

"आत या नं, मावशी."

म्हातारी येऊन वाफ्याच्या कडेला बसली. प्रेमलतानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो बाजूला सारला.

"या घरचं पाणी नाही पेली मी कधी. लेकीले लेकरू होईस्तोवर मायबापानं तिच्या घरचं खाऊ नये, आमच्यात तसंच हाय. थे लय म्हणे, माय, एक घास तं खाय. मी उठून चालली जाओ."

बोलता बोलता तिनं एका पानाला हात लावला. "हे काय होय?"

"सलाद. कच्चंच खातेत."

"म्हंजे या घरच्या चुलीवर नाही चढत?"

"नाही."

 पंचफुलानं पान तोडलं, पदराला पुसलं आणि खाल्लं. आणखी एक तोडलं. पंगतीत बसून जेवावं तशी ती सावकाश खात होती. डावा हात मातीवर टेकलेला होता.

"गोड हाय," ती म्हणाली. "पण मीठ पाह्यजे होतं, पोरी."

प्रेमलतानं आतून मीठ आणलं. या घरातलं मीठ. म्हातारीचा हात चिमटीपाशी थबकला. मग तिनं मीठ घेतलं, पानावर टाकलं आणि डोळे मिटून खाल्लं.

त्यानंतर ती दर शनिवारी येऊ लागली. प्रेमलताही शेजारी बसून खाई. भीती काही गेली नाही. वारा पडलेला असला तरी पानं हलायची, आणि ती तिकडं पाहायचं टाळायची. उन्हं तापली, सलाद फुलावर आलं. गुणवंतानं बसस्टँडकडं दुसरं घर पाहिलं. घर चांगलं होतं, नळही होता.

"नाही जात," प्रेमलता म्हणाली.

"काहून? तुलेच भेव वाटते नं इथं?"

"वाटते. पण मावशीनं शनिवारी कुठं जावं?"

 फुलं वाळल्यावर तिनं त्यांतलं बी सुपात झाडून घेतलं आणि कोरड्या डब्यात भरून ठेवलं.