काठापर्यंतची मोजणी

मित्रांनो, पोतोसी या डोंगरावरच्या खाणगावाच्या दवाखान्यात खिडकीपाशी एक पितळी सूक्ष्मदर्शक दिसतो, तो शोभेला ठेवलेला नाही. तो मी. माझा एक पाय वाकला आहे, अंगावरची झिलई उडाली आहे. पण नजर शाबूत आहे. शंका असेल त्याने येऊन बघावं.

मला समुद्रापलीकडे घडवलं. भिंग घासणारा कारागीर कणभर घासायचा, फुंकर मारायचा, पुन्हा घासायचा. मग जहाज, मग आगगाडी, मग खेचराची पाठ, आणि शेवटी हा डोंगर. इथे हवा विरळ, ऊन धारदार, आणि घरोघरचा कर्ता पुरुष खाणीत. चाळीस वर्षं मी खाणकामगारांच्या थुंकीतला क्षय शोधला, त्यांच्या रक्तातल्या पेशी दाखवल्या. माझ्या पोटाखाली छोटा आरसा आहे. वीज गेली तरी खिडकीतल्या उजेडावर माझं काम चालायचं. तेव्हा माझं फार कौतुक होतं.

मग पेशी मोजणारं नवं यंत्र आलं. नळी घातली की मिनिटात आकडे. मला मोडक्या स्टुलांबरोबर कपाटात कोंडलं. भिंगावर धूळ, धुळीवर काळोख, काळोखावर कुलूप. मला राग आला, मित्रांनो, आणि तो मी लपवत नाही.

कोरोनाच्या वर्षी रस्ते बंद झाले. नव्या यंत्राला लागणारी रसायनं येईनात, ते मुकं झालं. तेव्हा प्रयोगशाळेतल्या सेनोबियाबाईंनी कपाट उघडलं. निवृत्तीला सात महिने राहिलेल्या, दोन वेण्यांच्या, तोंडाने फटकळ. मऊ कापडाने मला पुसत म्हणाल्या, "चल रे म्हाताऱ्या. आपल्या दोघांनाही अजून सुट्टी नाही."

आमचं काम असं. रक्ताचा थेंब काचेवर ओढून पसरायचा, त्याला रंग द्यायचा आणि पांढऱ्या पेशी मोजायच्या. एक जात मोठी, तुकड्यातुकड्यांच्या केंद्रकाची, आग लागली की धावून येणारी. दुसरी गोल, शत्रूला ओळखून ठेवणारी. या आजारात पहिल्या फार वाढल्या आणि दुसऱ्या आटल्या, तर रोगी वरून बरा दिसला तरी पुढे बिघडायची भीती मोठी. मोजायला बाईंनी पत्र्याचे दोन पेले मांडले. पहिल्या जातीला जांभळ्या मक्याचा दाणा, दुसरीला पांढऱ्याचा, उरलेल्या किरकोळ जातींना दाणा नाही.

सात नंबरच्या खाटेवर एवारिस्तो होता, खाणीत सुरुंग लावणारा. बोटाला लावायच्या चिमट्यावर त्याचा प्राणवायू चौऱ्याऐंशी दिसायचा. इतक्या उंचीवर खाणीतल्या माणसाचा तो एरवीही कमीच, म्हणून कोणी दचकलं नाही. तो स्वतः तर नाहीच.

"बाई, चाळीस वर्षांत डोंगर माझं जितकं रक्त प्यायला नाही, तितकं तुम्ही तीन दिवसांत प्यायलात."

"डोंगराला चव नाही. हात पुढे कर."

"मला घरी सोडा. बायकोच्या हातचं, गोठवून वाळवलेल्या बटाट्याचं, चुन्योचं सूप तरी मिळेल. इथलं सूप म्हणजे गरम पाणी, त्यात बटाट्याची आठवण."

डॉक्टर पेन्यारांदा वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. अंगणात सहा रोगी खाटेची वाट बघत बसले होते. बाई जेवायला गेल्या असताना तो स्वतः माझ्यावर वाकला आणि एवारिस्तोच्या रक्ताच्या काचेच्या मधोमध पन्नास पेशी मोजून मोकळा झाला. चौतीस आणि तेरा.

"अडीचपट. ठीक आहे. एवारिस्तो दुपारी घरी," त्याने परिचारिकेला सांगितलं.

मित्रांनो, थराच्या काठाशी काय दडलंय ते मला ठाऊक होतं. पण काच सरकवायला मला बोटं नाहीत.

बाई परत आल्या, डॉक्टरने आकडे लिहिलेला कागद वाचला आणि कोटाच्या बाह्या वर सारल्या. थर काठाशी पातळ होतो तिथून सुरुवात केली. काठ, आत, पुन्हा काठ, अशी वेलांटी घेत दोनशे पेशी मोजल्या. टप टप दाणे पडत होते. जांभळ्याचा पेला शिगेला आला, पांढऱ्याचा तळही झाकला नाही. एकशे चौऱ्याहत्तर आणि पंधरा. जवळजवळ बारापट.

दोन्ही पेले घेऊन त्या डॉक्टरसमोर उभ्या राहिल्या.

"हा माणूस घरी जाणार नाही."

"बाई, तो हसतोय. चालतोय. आणि मी आता मक्याचे दाणे बघून औषध द्यायचं का?"

"दाण्यांवर विश्वास नसेल तर भिंगात बघा."

"तुमचं हे भिंग कपाटातच बरं होतं."

"थर ओढताना मोठ्या पेशी काठाला जातात, डॉक्टर. गोल मागे राहतात. तुम्ही फक्त मागे राहिलेल्यांना भेटून आलात."

तो चिडला होता, तरी वाकला. बाईंनी काच काठाकडे सरकवली. मी माझं सगळं कसब एकवटलं आणि जे होतं ते लख्ख दाखवलं. पहिल्या जातीच्या पेशींची नुसती झुंबड. बराच वेळ तो उठला नाही.

"म्हणजे हा मरणार?" त्याने हळूच विचारलं.

"तसं कुठं लिहिलंय? याला सोडू नका, एवढंच लिहिलंय."

एवारिस्तोची खाट तशीच राहिली. औषध त्याच दुपारी सुरू झालं, प्राणवायूची टाकी उशाशी आली. अंगणातल्या एका म्हातारीसाठी डॉक्टरने स्वतःच्या खोलीतला पलंग बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी एवारिस्तोचा श्वास तुटू लागला, ओठ निळे झाले. घर दवाखान्यापासून दोन तासांवर होतं. टाकी हाताच्या अंतरावर.

बाराव्या दिवशी तो घरी निघाला. जाताना म्हणाला, "माझं आजचं रक्त मला बघू द्या."

माझ्यावर वाकून त्याने एक डोळा मिटला. "या गोल कोण?"

"शत्रूला ओळखणाऱ्या. त्या आटल्या होत्या. आता परत आल्यात."

"थोड्याच दिसतायत."

"मोजल्यास का काठापर्यंत?"

तो खरंच मोजायला लागला. बाहेर बायको हाका मारत होती. मोजणी पुरी होईपर्यंत तो हलला नाही.

मित्रांनो, नव्या यंत्रांशी माझं भांडण नाही. रसायनं आली, ते पुन्हा बोलू लागलं, बरं झालं. पण माझ्या भिंगाला बुरशी लागू देऊ नका. स्क्रूला थेंबभर तेल घाला, वर स्वच्छ फडकं टाका, आणि दर वर्षी एखाद्या नव्या माणसाला माझ्यावर वाकायला शिकवा. हे मी दया म्हणून मागत नाही. मला काम येतं.