रिकामं फोल्डर

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावरून दुपारी बारा वाजता मरणाच्या सूचना लागत. त्या ऐकूनच बेटांवरचे नातलग बोट पकडत. आज निवेदिका मर्लिंडाने एका म्हातारीच्या अंत्यविधीची सूचना ध्वनिमुद्रित केली. संगणकाने 'जतन झाली' असे सांगितले, आणि 'सूचना' हे फोल्डर उघडले तर रिकामे!

"मानोंग दादा, तुमचा प्रोग्राम चक्क खोटं बोलतोय."

प्रोग्राम लिहिणारे क्रिसांतो गांगरले. "विंडोजवर इतकी वर्षं बिनतक्रार चालला गं. कालच या लिनक्सच्या यंत्रावर आणला."

"मग मी माइकवर काय सांगू? म्हातारी अजून आहे?"

त्यांनी पुन्हा जतन केले. पुन्हा रिकामे. आपल्याला मुळात काही येत होते का, अशीच शंका त्यांना आली. त्या गोंधळात ते चुकून बाहेरच्या फोल्डरात गेले. तिथे फाइल होती! पण 'सूचना', मग उलटी तिरपी रेघ, मग म्हातारीचे नाव, असे सगळे मिळून तिचे एकच लांबलचक नाव झाले होते. त्यांनी कोडमध्ये हाताने लिहिलेली ती रेघ विंडोजला फोल्डरचे दार वाटे; या यंत्राला ती नावातलेच एक अक्षर वाटली.

फाइल आत सरकवली. बाराला सूचना लागली.

"झालं ना दुरुस्त?"

"नुसतं सापडलंय. फोल्डर आणि फाइलच्या नावांमध्ये कोणती रेघ घालायची, ते यंत्रावरच सोपवायला हवं होतं," क्रिसांतो पुटपुटले. ती रेघ आणखी कुठे कुठे लिहिली आहे, ते त्यांना काही केल्या आठवेना.