राखून ठेवलेले अर्ज

बिरादार सर शेवटच्या बाकावर बसायला गेले आणि त्यांचा गुडघा फळीवर आपटला. कळवळायचीही सोय नव्हती. नऊ विद्यार्थी मान वळवून बघत होते आणि फळ्यापाशी शिवकांता खडू हातात धरून थांबली होती.

"चालू द्या, मॅडम," सर म्हणाले आणि मांडीवरचा फॉर्म सरळ केला.

फॉर्म तासिका निरीक्षणाचा होता. पंधरा दिवसांनी कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि तिला दाखवायला प्राचार्यांनी प्रत्येक शिक्षकाच्या तासाला बसून शेरा लिहिलेला हवा होता. प्राचार्य म्हणजे प्रभारी प्राचार्य. सर गेली सात वर्षं प्रभारीच होते. निलंग्याजवळच्या त्या कॉलेजात कायम प्राचार्य नेमावा असं संस्थेच्या मनात कधी आलं नाही, कारण प्रभारी माणूस सांगाल तिथं सही करतो. निवृत्तीला आता नऊ महिने उरले होते. सर ते कॅलेंडरवर नाही, गुडघ्यांत मोजत होते.

फळ्यावर लिहिलं होतं, 'गोऱ्यांच्या वसाहतींतील गव्हर्नरची भूमिका'. हा विषय एकेकाळी सरांचा. त्यावर त्यांनी पीएच.डी. केली होती आणि याच वर्गात तो वर्षानुवर्षं शिकवला होता. शिवकांता त्यांचीच विद्यार्थिनी. पुढं तिनं नेटची परीक्षा काढली, आणि आता बारा वर्षं ती इथंच तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जेवढे तास, तेवढीच नोकरी. उन्हाळ्यात तीही नाही.

एकोणीस दिवसांपूर्वी तिनं सरांकडे अर्ज दिला होता. देगलूरच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली होती, मुलाखत सोमवारी होती आणि सोबत अनुभव प्रमाणपत्र न्यायचं होतं. जागेसाठी वयाची अट होती, त्यामुळं तिला ही शेवटचीच संधी. सरांनी संस्थेचे सचिव गुरुबसप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, यांना फोन केला. समिती तोंडावर आलेली असताना विभागातली एकुलती एक नेट झालेली बाई सोडून देता का, असं आप्पांनी विचारलं. नाही म्हणू नका, नुसतं ठेवून द्या, समिती गेली की बघू. सरांच्या पेन्शनची फाईल आप्पांच्याच टेबलावर होती. तिचा आप्पांनी उल्लेखही केला नाही, पण सरांना फोन ठेवल्यापासून तीच दिसत राहिली.

अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. शिवकांतानं दोनदा विचारलं आणि सरांनी दोन्ही वेळा 'प्रोसेसमध्ये आहे' असं सांगून वेळ मारून नेली. आज शनिवार होता.

ती शिकवत होती. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड. इंग्लंडहून गोरे लोक तिथं जाऊन राहिले, जमिनी धरून बसले आणि पुढं स्वतःची विधिमंडळंही मागू लागले. त्यांच्या डोक्यावर लंडननं पाठवलेला गव्हर्नर. हुकूम लंडनचा, पण दिवस काढायचे या लोकांत. पत्र जहाजानं जायचं आणि उत्तर यायला महिने लागायचे. मुळात ज्यांची ती जमीन होती तेही गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडेच यायचे. तो त्यांचे अर्ज पुढं पाठवायचा आणि कामाला लागायचा. सर फॉर्मवर खुणा करत होते. आवाज स्पष्ट. फळ्याचा वापर उत्तम.

"आता बघा," शिवकांता म्हणाली, "विधिमंडळानं एखादं विधेयक पास केलं, की गव्हर्नरपुढं तीन वाटा. मंजूर करायचं, नाकारायचं, नाहीतर राणीच्या मर्जीसाठी राखून ठेवायचं."

पहिल्या बाकावरच्या रुद्राणीनं हात वर केला. "राखून ठेवलं म्हंजे पास का नापास, मॅडम?"

"दोन्ही न्हाई. वाट बघायची. दोन वर्षांत लंडनचा होकार नाही आला, तर ते आपोआप मरतं."

"मग मारलं कुणी?"

"कुणीच न्हाई." शिवकांतानं टेबलावरची एक जुनी वही उघडली. "लिहून घ्या. नाही म्हणायचं धैर्य नाही आणि हो म्हणायची मुभा नाही, अशा माणसाला ही सोय फार मानवली. त्याचे हात शेवटपर्यंत स्वच्छ राहिले."

नऊ पेनं चालू लागली. सरांचं पेन थांबलं. ते वाक्य त्यांचं होतं. सतरा वर्षांपूर्वी याच वर्गात त्यांनी ते सांगितलं होतं, चांगलं ऐटीत, आणि पोरं हसली होती. त्यांनी शिवकांताच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टोमण्याचा मागमूस नव्हता. आज हा धडा होता, म्हणून ती हा धडा शिकवत होती. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं. सरांना लाज वाटली. लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर वाटते तशी, कानांपर्यंत.

शेऱ्याचा रकाना त्यांनी कोराच ठेवला.

ऑफिसात येऊन त्यांनी ड्रॉवर उघडला. शिवकांताचा अर्ज वरच होता आणि त्याच्याखाली आणखी तीन होते. त्यातला पहिला संगमेश्वरचा. तो इथं राज्यशास्त्र शिकवायचा, तोही तासिका तत्त्वावरच. सहा वर्षांपूर्वी त्यानंही असंच प्रमाणपत्र मागितलं होतं आणि तेव्हाही कसलीशी समिती येणार होती. मुलाखतीची तारीख उलटून गेली. संगमेश्वरनं कॉलेज सोडलं आणि फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. रोज जाता-येता दोघांचा नमस्कार व्हायचा. आपण त्याला कधीच नाही म्हटलं नव्हतं, याचं सरांना आजवर समाधान वाटत आलं होतं.

क्लार्क तहसीलला गेला होता. सरांनी एका बोटानं प्रमाणपत्र टाइप केलं, जावक क्रमांक घातला, सही केली, शिक्का मारला. मग शिपायाला पाठवून शिवकांताला बोलावलं.

तिनं कागद दोनदा वाचला.

"आप्पा हो म्हणाले का, सर?"

"नाही."

"मग तुमची फाईल?"

"राखून ठेवतील," सर म्हणाले. "तू जा."

तिचे डोळे भरून आले, पण बारा वर्षांत ती ऑफिसही शिकली होती. उद्या कुणी विचारलं तर तुमच्याकडं याची प्रत असू द्या, असं तिनं सांगितलं. सरांनी ड्रॉवरमधला दुसरा कागद घडी करून खिशात घातला आणि दोघं फाटकाबाहेर आले.

संगमेश्वरनं प्रमाणपत्र घेतलं आणि काचेवर ठेवायच्या आधी वाचलं.

"झाली म्हणायची सही," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

उजेडाची पट्टी काचेखालून सरकत गेली. प्रत सरांना दिली, मूळ कागद शिवकांताला. देगलूरला जायला तिला उदगीरची दोनची एसटी गाठायची होती. ती पाया पडायला वाकली तेव्हा सर मागं सरकले, एवढं त्यांना अजून जमत होतं. ती भराभरा स्टँडकडे निघाली. सरांच्या खिशात फोन वाजू लागला. कॉलेजातली बातमी आप्पांकडं पोचायला एवढा वेळ पुष्कळ झाला. सरांनी तो वाजू दिला.

"अजून काही हाय का, सर?" संगमेश्वरनं गिऱ्हाइकाला रोज विचारतो तसं विचारलं.

सरांनी खिशातला घडीचा कागद काउंटरवर ठेवला.

"तुझा अर्ज. माझ्याकडंच पडून होता. चुकलं माझं, संगमेश्वर."

संगमेश्वरनं घडी उलगडली. तारखेपासून सहीपर्यंत सगळा अर्ज सावकाश वाचला.

"अक्षर चांगलं होतं की माझं," तो म्हणाला.

"प्रमाणपत्र देतो. आत्ता करून आणतो."

"आता कशाला, सर. वय निघून गेलं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि सरांना तो हवा होता.

मागं एक बाई आधार कार्ड घेऊन उभी होती. मशीनशेजारी एका बाजूनं छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता, गिऱ्हाइकाला पक्की प्रत द्यायच्या आधी शाई बघायला ठेवलेला. संगमेश्वरनं अर्ज उलटा केला, तळहातानं घडी सपाट केली आणि तो गठ्ठ्यावर ठेवला.

"पाठकोरा हाय," तो म्हणाला. "कामाला येईल."